मूळ किंमत पाठ सोडत नाही

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळींच्या बैठकींतून एक युक्तिवाद वारंवार ऐकू येऊ लागला आहे. नवी मध्यम मोटार घेण्यात काय हशील? तेवढ्याच पैशांत दहा वर्षे वापरलेली मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी दारात उभी राहते. तीही लहानसहान नव्हे, चांगली सतरा फूट लांबीची, कातडी बैठकींची, राजेशाही थाटाची. असे म्हणणाऱ्यांत केवळ हौशी तरुण नाहीत. निवृत्तीची रक्कम हाती आलेले आणि जन्मभर पै-पैचा हिशेब ठेवलेले गृहस्थही त्यांत आहेत. रोजच्या घरगुती वापरासाठी अशी मोटार घेणे म्हणजे स्वस्ताईच्या नावाखाली महागाई विकत घेणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते येथे सविस्तर मांडावयाचे आहे.

साहित्यसंस्थेच्या त्रैमासिकात मोटारीची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणी करील. परंतु प्रतिष्ठा आणि ऐपत यांचा मेळ कसा घालावा, हा महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या आपल्या घराण्यांचा जुनाच प्रश्न आहे. पूर्वी तो वाड्याच्या रूपाने उभा होता, आज तो चार चाकांवर येतो आहे. शिवाय यात गुंतलेला पैसा हा बहुधा मुलांच्या शिक्षणाचा किंवा म्हातारपणाच्या औषधपाण्याचा असतो.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे न्यायाने ऐकू या. मोठी आलिशान सेडान नवी असताना तिची किंमत फार झपाट्याने उतरते, हे खरे. २०१४ च्या जानेवारीत भारतात आलेली मर्सिडीज एस-क्लास दीड कोटीच्या पुढे होती. त्याच पिढीच्या मोटारी आज नव्या इनोव्हाच्या किमतीच्या आसपास मागितल्या जाताना दिसतात. पहिल्या धन्याने कोटभर रुपयांचा तोटा सोसला, आता आपण त्याचे फळ चाखावे, असा हा हिशेब. मोटार दणकट, भक्कम, शांत. वृद्ध आईवडिलांच्या पाठीला आराम. आणि असलेलीच वस्तू वापरल्याने नव्या वस्तूचा भार पृथ्वीवर पडत नाही. यांतील एकही मुद्दा खोटा नाही. परंतु एक प्रश्न कोणी विचारत नाही. ही मोटार एवढी उत्तम आहे, तर बाजाराने तिची किंमत इतकी का पाडली?

बाजार भाबडा नसतो. ज्यांना अशी मोटार खरोखर परवडते ते जुनी घेत नाहीत. ज्यांना जुनीच परवडते त्यांना ती सांभाळणे परवडत नाही. कंपनीची हमी संपली की दुरुस्तीचा सगळा बोजा धन्यावर येतो, आणि पुढे येणारा तो खर्च बाजार आजच्या किमतीतून आधीच वजा करतो. म्हणजे आपल्याला मिळणारी ‘सवलत’ ही पहिल्या धन्याने दिलेली देणगी नव्हे. ते आपणच पुढे भरावयाचे बिल आहे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच घडवलेली नाही.

मोटारीचे वय वाढते तशी तिची विक्रीची किंमत घटते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र घटत नाही. दीड कोटीच्या मोटारीचा दिवा, काच किंवा पंप हा दीड कोटीच्या मोटारीचाच राहतो. एस-क्लास आणि ऑडी ए-८ यांत चारही चाकांवर पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवेचे सस्पेन्शन असते. बीएमडब्ल्यूच्या लांब ७-मालिकेच्या जुन्या पिढीत ते मागच्या दोन चाकांवर असते. हवा रबरी पिशवीत भरलेली असते आणि रबराला वयाबरोबर चिरा पडतात. हवा झिरपू लागली की ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि अखेर जळतो. एक पिशवी वेळेवर न बदलल्याने दोन खर्च उभे राहतात. ही मोटार पुण्याजवळ चाकणला जुळवलेली आहे, असे काही जण अभिमानाने सांगतात. ते खरेही असेल. पण चाकणला जुळवली म्हणून तिचे भाग चाकणच्या भावाने मिळत नाहीत. ज्या शहरात त्या कंपनीची अधिकृत कार्यशाळा नाही, तेथे तर किरकोळ बिघाडासाठीही मोटार उचलून दुसऱ्या शहरी न्यावी लागते. कोपऱ्यावरचा मेकॅनिक कितीही हुशार असला, तरी ज्या मोटारीत बदललेला भागसुद्धा संगणकाला ओळख करून दिल्याखेरीज काम करीत नाही, तेथे त्याचा पाना थिटा पडतो.

विम्यातही हीच मूळ किंमत डोके वर काढते. विमा कंपनी मोटारीचे घोषित मूल्य आजच्या घटलेल्या किमतीवरून ठरवते. दुरुस्तीचा खर्च मात्र नव्या भागांच्या किमतीने होतो. हा खर्च घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की मोटार ‘पूर्ण नुकसान’ धरली जाते. दोन दिवे, पुढचा बंपर, रेडिएटर आणि उघडलेल्या एअरबॅगा एवढ्याने एखादी वृद्ध आलिशान मोटार त्या रेषेपर्यंत पोहोचू शकते. धातूच्या व प्लास्टिकच्या भागांवर जी घसारा-कपात होते ती आपल्या खिशातून. आणि ती माफ करणारे विशेष संरक्षण इतक्या जुन्या मोटारीला सहसा मिळत नाही.

रस्ताकराची कथा महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना विशेष लागू आहे, कारण आपली नातीगोती आणि खरेद्या दोन-दोन राज्यांत पसरलेल्या असतात. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या मोटारीला मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. अनेक राज्ये हा कर मोटारीच्या मूळ किमतीवरून, वयानुसार सूट देऊन आकारतात. कर्नाटकात तर वीस लाखांवरील मोटारीचा आजीवन कर अठरा टक्क्यांच्या घरात आहे. गोव्यात किंवा कोल्हापुरात स्वस्त मिळाली म्हणून बेळगावात मोटार आणणाऱ्याने हा आकडा आधी पाहावा.

दिल्लीच्या मोटारींबद्दलही सावध राहावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल मोटारींवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तेथील मोटारी स्वस्तात बाहेरच्या राज्यांत येऊ लागल्या. ग्वाल्हेर तर दिल्लीहून एका सकाळीच्या अंतरावर. २०२५ मध्ये न्यायालयाने आपल्या आदेशात फेरफार केले. तरी दिल्लीचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळेल का आणि आपला आर.टी.ओ. ती मोटार नोंदवून घेईल का, या दोन प्रश्नांची उत्तरे बयाणा देण्यापूर्वीच मिळवली पाहिजेत.

आता रोजच्या वापराकडे वळू. घरगुती मोटारीचा दिवस कसा असतो? सकाळी शाळा, मग भाजीबाजार, दुपारी बँक, सायंकाळी देवळात किंवा आप्तांकडे. तीन-चार किलोमीटरच्या या फेऱ्यांत मोठे इंजिन नीट तापतही नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस.-६ डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी असते. ती जाळून साफ होण्यासाठी मोटार काही वेळ सलग वेगाने धावावी लागते. शहरातल्या तुटक फेऱ्यांत ते घडत नाही आणि गाळणी तुंबते. पेट्रोलची निराळी अडचण आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मोटारी त्या मिश्रणासाठी घडवलेल्या नव्हत्या.

लांबी-रुंदीचाही विचार हवा. २००५ ते २०१३ या काळातली लांब एस-क्लास सव्वापाच मीटरच्या आसपास आहे. मारुती डिझायर चार मीटरांच्या आत. लष्करातल्या गल्ल्या, राजवाड्याभोवतालचे इंदूर, मांडवीच्या आसपासचे वडोदरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या सव्वा मीटरचा अर्थ सांगावा लागणार नाही. रुंद, बुटक्या टायरांची कड एका खड्ड्यात फुगते आणि गतिरोधकावर पोट घासते. परिणामी असे होते की, घरातली सून किंवा मुलगी ती मोटार चालवावयास कचरते आणि रोजच्या कामाला रिक्षाच बोलावली जाते. घरातल्या सर्वांना चालवता येत नाही, तिला घरची मोटार म्हणावे कसे?

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. ही मोठी सेडान मुळात मागे बसणाऱ्या धन्यासाठी घडवलेली आहे. पुढे शोफर आणि मागे मालक, हा तिचा ढाचा. लांबवलेला मधला भाग, मागचे पडदे, पाय पसरण्याची जागा हे सारे त्यासाठी. आपण मात्र स्वतः चालवतो. म्हणजे ज्या आसनाचे पैसे मोजले, ते बहुतेक दिवस रिकामे असते.

याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९३० च्या दशकात इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या चासीवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली. ती मोटार आजही जगभरच्या संग्राहकांत नावाजलेली आहे. पण संस्थानांच्या त्या मोटारींच्या मागे मोटारखाना होता, पगारी चालक आणि कारागीर होते, खजिना होता. १९७१ मध्ये तनखे बंद झाले तेव्हा अशा डामडौलाखालची जमीनच सरकली. आपण मोटारखान्याशिवाय मोटार घेतो आणि संस्थानी थाट आला असे समजतो. ज्यांच्या घरी वाडा होता त्यांना हे पटावयास जड जाऊ नये. वाडा वारशाने फुकट मिळाला, तरी त्याची कौले, तुळया आणि ओल फुकट सांभाळली गेली नाही. कित्येक वाडे पडले ते डागडुजीला पैसा न उरल्यामुळे. पाहुण्यांना दिसणारा दरवाजा तेवढा शेवटपर्यंत रंगवलेला होता.

सुरक्षिततेचा युक्तिवाद तेवढा गंभीर आहे. जुनी जर्मन मोटार भक्कम असते, हे मान्य. परंतु ती एकदा आपटून उभी केलेली असेल, एअरबॅगच्या जागी नुसते झाकण बसवलेले असेल, तर त्या भक्कमपणाला अर्थ उरत नाही. दुसरे असे की, सुरक्षितता आता केवळ श्रीमंतांची राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची अपघात-चाचणी योजना सुरू झाली आहे आणि २०२४ च्या नव्या डिझायरसारख्या साध्या मोटारीनेही प्रौढांच्या सुरक्षिततेत पाच तारे मिळवले आहेत.

मग मोठी, आरामशीर मोटार घेऊच नये का? अवश्य घ्यावी, आणि वापरलेलीच घ्यावी. फक्त ती अशी असावी की जिची मूळ किंमत आपल्या ऐपतीच्या आवाक्यात होती. टोयोटा कॅमरी हे त्याचे उत्तम उदाहरण. मागे ऐसपैस जागा, साध्या पोलादी स्प्रिंगा, आणि हायब्रिड असल्यास गर्दीत इंधनाची मोठी बचत. फक्त हायब्रिड बॅटरीची तपासणी लेखी घ्यावी. स्कोडा सुपर्ब जागेत तिच्या तोडीची आहे. पण जुन्या १.८ टी.एस.आय. सुपर्बमधील कोरड्या क्लचचा सात गतींचा गिअरबॉक्स त्रासदायक म्हणून प्रसिद्ध आहे, म्हणून तिथे डोळे उघडे ठेवावेत. जर्मन चिन्हाचाच आग्रह असेल तर एक पायरी खाली उतरावे. ई-क्लासच्या बहुतेक भारतीय आवृत्त्यांत आणि बीएमडब्ल्यूच्या ५-मालिकेत पोलादी स्प्रिंगा मिळतात. एवढ्या एका गोष्टीने पुढचे कितीतरी खर्च टळतात.

आणि एवढे ऐकूनही कोणाला सर्वांत मोठीच मोटार हवी असेल, तर त्याने काही पथ्ये पाळावीत. मोटार रात्रभर सपाट जागी उभी ठेवून सकाळी पाहावी. एखादा कोपरा खाली बसला असेल तर हवा झिरपते आहे. संगणकीय तपासणी विक्रेत्याच्या नव्हे, आपल्या माणसाकडून करावी. विम्याच्या कागदावरील ‘नो क्लेम बोनस’ पाहावा. जुन्या मोटारीवर तो शून्य असेल तर नुकताच दावा झाल्याची शक्यता मोठी, आणि तो कशाचा हे विचारावे. आर.सी.वर कर्जाची नोंद शिल्लक नाही ना, हे तपासावे. आणि खरेदीच्या किमतीचा निदान तिसरा हिस्सा पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी वेगळा बांधून ठेवावा. तो बाजूला काढता येत नसेल, तर ती मोटार आपल्याला परवडत नाही, असे निमूटपणे समजावे.

घराणे मोटारीने मोठे होत नाही, हे सांगण्याची गरज नाही. आपण सर्व जण ते व्याख्यानांतून सांगतच असतो. आता ते खरेदीच्या वेळी आठवावे, इतकेच मागणे आहे. पुढच्या बैठकीत कोणी जुन्या एस-क्लासची किंमत उत्साहाने सांगू लागला, तर त्याला किमतीविषयी काही विचारू नका. गेल्या वर्षी तिच्यावर किती खर्च झाला, एवढेच विचारा आणि उत्तराची वाट पाहा.