बुटांचे साठेबाज

ओरेगॉनमधील एका 19 वर्षांच्या तरुणाची कर्तबगारी फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकन भांडवली साप्ताहिकात झळकली. दुर्मीळ क्रीडाबूट बाजारात येताच संगणकी यंत्रणेकरवी घाऊक उचलावयाचे व चढ्या दराने विकावयाचे, हा त्याचा धंदा. चित्रपटगृहाच्या दारात तिकिटे विकणारा गुन्हेगार. हा मात्र उद्योजक! टंचाईही कृत्रिमच, मोजक्या जोड्या काढणे हे कंपन्यांचेच धोरण. नाइकीचे त्या वर्षीचे सुमारे निम्मे बूट व्हिएतनामच्या कंत्राटी कारखान्यांत बनले. तेथील कामगारांना या वाढाव्यातील छदामही मिळत नाही. खरेदीच्या क्रेडिट कार्डावर नाव होते त्याच्या आईचे, आणि ती नाइकीच्या उत्तर अमेरिका विभागाची प्रमुख! मार्चमध्ये तिने राजीनामा दिला. कंपनीच्या मते मात्र कोणताही नियम मोडला गेला नव्हता.