उन्हाच्या वेळा

परगावचा पाहुणा रत्नागिरीस उतरला म्हणजे येथे पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न तो स्वाभाविकपणेच विचारतो, आणि टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर, थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, मांडवी, भाट्ये अशी नामावळी आम्हीही तितक्याच तत्परतेने त्याच्या हाती ठेवतो. परंतु ह्या नामावळीत कोणत्याही स्थळापुढे वेळ लिहिलेली नसते, आणि ह्या शहराचे जे काही मर्म आहे ते त्या न लिहिलेल्या वेळेतच आहे, असे येथील दीर्घ वास्तव्यानंतर माझे मत झाले आहे. मे महिन्यातल्या दुपारी एक वाजता मांडवीच्या वाळूवर उभा केलेला पाहुणा आणि पौर्णिमेच्या संध्याकाळी त्याच जागी आणलेला पाहुणा दोन निराळी गावे पाहून परत जातात. पहिला घाम पुसत मोटारीकडे वळतो. दुसरा अंधार पडला तरी उठावयास राजी नसतो.

ह्याचे कारण आकाशात आहे. रत्नागिरी सतराव्या अक्षांशावर वसलेली असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा तिच्या बरोबर डोक्यावर येतो. त्यांतला दुसरा प्रसंग ऑगस्टच्या आरंभी पावसाळी ढगांआड होऊन जातो; पण पहिला मे महिन्याच्या ८-९ तारखेच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या पुढेमागे, अंगणात उभे राहून कोणासही पाहता येतो. रोवलेल्या काठीची सावली आखडत आखडत तिच्या बुडाशी येते आणि काही क्षण अजिबात नाहीशी होते. पाऱ्याचा आकडा पाहिला तर विदर्भातल्या माणसाला आमचा हा उन्हाळा सौम्यच वाटेल, कारण त्या महिन्यात येथे तो बहुधा ३३-३४ अंशांच्या आसपास घोटाळतो. परंतु हवेत मुरलेल्या दमटपणामुळे अंगावरचा घाम वाळत नाही, आणि सावलीत बसलेल्या माणसासही दुपार जड जाते. अशा ठिकाणी दिवसाचा बंदोबस्त सूर्याच्याच हुकमाने करावा लागतो. बाजार केव्हा, वाळवण केव्हा, निद्रा केव्हा आणि फिरणे केव्हा, हे येथे पिढ्यानपिढ्या ठरून गेलेले आहे, आणि ते जाणणे म्हणजेच, माझ्या मते, ह्या गावचे रहिवासी असणे होय.

सकाळ मिरकरवाड्याच्या मासळी बंदराची. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यावयास समुद्रावरून खारा वारा येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारा उलट दिशेने समुद्राकडे वाहू लागतो. शिडांच्या होड्यांच्या काळी खारवी आणि दालदी मासेमारांचे सारे वेळापत्रक ह्या दोन वाऱ्यांवर बसवलेले असे. आता यंत्रे आली, बर्फ आला, मोठ्या नौका कित्येक दिवस खोल समुद्रात राहू लागल्या, तरीही बंदरावरची खरी वर्दळ पाहावयाची तर ऊन चढण्यापूर्वीच गेले पाहिजे. पाट्यांमागून पाट्या धक्क्यावर येतात, लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज इंजिनांच्या घरघरीवर चढतो, आणि घरापुरते मासे घ्यावयास आलेली माणसे कडेला मांडलेल्या वाट्यांशी वाकून उभी राहतात. तेथे एक कोळीण गिऱ्हाइकाला नेहमी सांगते, "भाऊ, आधी कल्ला बघा, मग भाव बोला." बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उचलावा, आत लालभडक रंग दिसला, डोळा आत गेलेला नसला, पाठीवरच्या निळसर-हिरव्या रेघा चकाकत असल्या आणि पोटावर बोट दाबून काढले असता खळगा राहिला नाही, तर तो बांगडा निःशंकपणे घरी न्यावा. हाच बांगडा तीन तासांनी, उन्हाने तापलेल्या पाटीत, तो बांगडा राहत नाही. जून-जुलैत मासेमारीस सरकारी बंदी असते. त्या दिवसांत होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या दिसतात, आणि सकाळी सवयीने बंदराकडे वळलेले पाऊल परत फिरते.

दुपार ही घरातली वेळ, आणि तरीही उन्हाचा सर्वांत मोठा व्यवहार तिच्यातच चालतो. एप्रिल-मेमध्ये ह्या शहराच्या कोणत्याही जुन्या आळीतून जावे. अंगणात, गच्चीवर, पडवीच्या पुढे ताटे, सुपे आणि चटया पसरलेल्या असतात, आणि त्यांवर आंब्याची साटे, फणसाची साटे, कुरडया, पापड आणि आमसुले वाळत असतात. आमसुलांची कृती मला विशेष आदरणीय वाटते, कारण तीत धीराखेरीज दुसरे भांडवल नाही. पिकलेला रातांबा फोडून त्यातल्या बिया गरासकट वेगळ्या काढतात, साली उन्हात घालतात, गराला सुटलेल्या रसात मीठ टाकतात, आणि अर्धवट वाळलेल्या साली त्या रसात भिजवून पुन्हा उन्हात पसरतात. असे रोज एक पूट देत गेले म्हणजे चारसहा दिवसांत लाल साल जवळजवळ काळी पडते, चिवट होते, आणि तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाच्या पुढच्या चार महिन्यांत घरातल्या आमटीला आंबटपणा पुरवण्यास सिद्ध होते. मे महिन्यातले हे ऊन श्रावणातल्या ताटात उतरते. ज्याला बाहेरगावची माणसे नुसता उकाडा म्हणतात त्याच्यावर ह्या किनाऱ्यावरच्या गृहिणींनी वर्षाची बेगमी उभी केली आहे.

ह्या वेळी बाहेर पडावयाचेच झाले तर सावलीत जावे, आणि सावली कशी बांधावी हे ह्या प्रदेशास उत्तम ठाऊक होते. येथला जांभा दगड खाणीतून निघताना हत्याराने सहज घडवता येईल इतका मऊ असतो आणि हवा लागली म्हणजे टणक होत जातो. त्याच्या जाड चिऱ्यांच्या भिंती, वर उतरते कौलारू छप्पर, आणि पुढे खोल पडवी अशी रचना झाली म्हणजे भर दुपारीसुद्धा आतल्या शहाबादी फरशीवर पाऊल ठेवताच गारवा जाणवतो. अशा वेळेस माझे पाय नगर वाचनालयाकडे वळतात. १८२२ साली दक्षिण कोकणची मुख्य कचेरी बाणकोटहून येथे आली, आणि पुढे सहाच वर्षांत, म्हणजे १८२८ मध्ये, येथे वाचनालय सुरू झाले. जिल्ह्याचे ठाणे झालेल्या गावाने दप्तरांच्या पाठोपाठ ग्रंथ आणले, ही गोष्ट रत्नागिरीकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

चार वाजले, ऊन कलले, की थिबा राजवाड्याची वेळ होते. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशचे राज्य घेऊन तेथल्या थिबा राजास पदच्युत केले आणि पुढल्याच वर्षी त्यास सहकुटुंब येथे आणून नजरकैदेत ठेवले. हा वाडा तयार होऊन तो त्यात राहावयास आला १९१० मध्ये, आणि डिसेंबर १९१६ मध्ये ह्याच गावी त्याचा अंत झाला. आता तेथे शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. सकाळच्या घाईत हा वाडा पाहिला तर तो एक जुनी इमारत म्हणूनच पाहिला जातो. परंतु पश्चिमेचे तिरपे ऊन अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांतून आत येते, कोरीव कामाच्या सावल्या जमिनीवर लांबत जातात, तेव्हा पूर्वीच्या इतमामाचे आणि उत्तरकालीन तनख्याच्या आयुष्याचे अंतर मनास प्रत्यक्ष जाणवते. तेथून जवळच्या टेकाडावरून काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल आणि पलीकडचा समुद्र एकाच दृष्टिक्षेपात येतो. तीस वर्षे परक्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहत राहिलेल्या त्या राजाविषयी करुणा वाटल्यावाचून तेथून उतरता येत नाही.

संध्याकाळ मात्र समुद्राची, आणि येथे सूर्याच्या हिशेबास चंद्राचा हिशेब जोडावा लागतो. किनाऱ्यावरच्या वडीलधाऱ्या माणसांचे भरतीचे कोष्टक फार सोपे आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची सुमाराची वेळ निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती असते आणि मांडवीस फिरावयास वाळूची चिंचोळी पट्टीच तेवढी उरते. पौर्णिमेस पंधरांची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे ती येते नेमकी संध्याकाळी साडेपाचच्या पुढेमागे. शिवाय ते उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी जितके वर चढते तितकेच दूर ओसरते, आणि एरवी पाण्याखाली असणारी वाळू चालावयास मोकळी होते. अमावास्येचा हिशेबही हाच; पण पौर्णिमेस पश्चिमेला सूर्य बुडत असतानाच पूर्वेकडे शहरामागून चंद्र वर येतो, एवढे तिचे अधिक. पंचांग पाहून फिरावयास जाणारा माणूस भाविक असतोच असे नाही. तो केवळ ह्या किनाऱ्यावर वाढलेला असतो.

वाळूचाही स्वभाव ओळखावा लागतो. रत्नदुर्गाच्या एका अंगास आम्ही ज्यास पांढरा समुद्र म्हणतो तो, आणि दुसऱ्या अंगास मांडवीचा काळा. काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचे लोह व टायटॅनियम असलेले जड खनिज मिसळलेले असते, आणि काळा रंग ऊन शोषून घेत असल्यामुळे दुपारी ती वाळू अनवाणी पायांस सोसवत नाही. खुद्द रत्नदुर्ग, ज्याची तटबंदी घोड्याच्या नालाच्या आकाराने फिरली आहे आणि जो १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, तो पाहावा डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी. गडावरच्या भगवतीचे दर्शन घेऊन तटावरून चालत गेले असता एका बाजूस मिरकरवाड्याच्या होड्या आणि दुसऱ्या बाजूस समुद्राचा अमर्याद विस्तार दिसतो. भाट्याचे सुरूचे बन मात्र सावलीमुळे तिसऱ्या प्रहरीही माणसास आश्रय देते. तेथे मुलांस नेऊन सोडावे आणि मोठ्यांनी स्वस्थ बसावे.

मांडवीच्या संध्याकाळची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तेथे निवृत्त शिरस्तेदार, भेळवाला, कॉलेजातली मुले, मुंबईहून सुटीवर आलेला चाकरमानी आणि दिवसभर गोदीत राबलेला मजूर एकाच वाळूवर बसतात, आणि त्यांपैकी कोणासही प्रवेशाचे मूल्य द्यावे लागत नाही. शहरातल्या इतर जागांवर कोणाची ना कोणाची मालकी आहे. ह्या पट्ट्यावर मात्र सर्वांची वहिवाट आहे, आणि वहिवाट जात राहिल्यानेच टिकते. संध्याकाळी समुद्रावर जाणे म्हणूनच मला चैन वाटत नाही. नागरिकाच्या नित्यकर्मांतले ते एक कर्म आहे.

ही व्यवस्था मात्र आपोआप टिकणारी नाही, ह्याची मला चिंता वाटते. रस्ते रुंद होताना कडेचे वड, पिंपळ आणि आंबे गेले. जांभ्याच्या आणि कौलांच्या जागी सिमेंटच्या सपाट गच्च्या आल्या, ज्या दिवसभराचे ऊन साठवून रात्री घरात सोडतात. आणि पडवीचा ओटा नव्या इमारतींच्या नकाशातून नाहीसा झाला. दुपारी पायी चालण्याजोगा रस्ता उरला नाही म्हणजे वाचनालय दूर जाते, आळी दूर जाते, समुद्रसुद्धा मोटारीने जावयाचे स्थळ होऊन बसतो. उन्हाच्या गावाने सावलीची तजवीज ही पाण्याच्या तजविजीइतकीच आवश्यक मानली पाहिजे. नव्या रस्त्यांच्या कडेस करंज, उंडी, वड ह्यांसारखी आपल्याच मातीतली झाडे लावून ती तीन उन्हाळे जगवण्याची जबाबदारी नगरपरिषदेने घ्यावी, आणि त्या त्या आळीतल्या रहिवाशांनी तिच्यात आपला वाटा उचलावा.

दुसरी गोष्ट तर आपल्या घरातच करण्याजोगी आहे. पाहुण्यास स्थळांची यादी देताना प्रत्येक नावापुढे वेळ लिहून द्यावी, आणि सहा स्थळे एका दिवसात उरकण्याऐवजी दोन मुक्काम करण्याचा त्यास आग्रह करावा. मुलांस पाऊणकीचा पाढा शाळेत आता कोणी शिकवत नाही; तो आपण शिकवावा, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी त्यांच्याकडून वाचून घ्यावी, भरतीची वेळ काढावयास लावावी, आणि त्यांचे उत्तर बरोबर आले की नाही हे पडताळावयास त्यांस त्याच संध्याकाळी समुद्रावर न्यावे. हे ज्ञान कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही. ते चालत्या पायांबरोबर एका पिढीकडून दुसरीकडे जाते, आणि ते पुढे देण्याचे काम आपले आहे.