'रीस्टार्ट करून बघा' हे उत्तर नव्हे

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन 'परम रुद्र' महासंगणकांचे लोकार्पण झाले. ती बातमी देशभर गाजली आणि गाजायलाच हवी होती. परंतु भारतीय विज्ञानातील पुष्कळशी रोजची आकडेमोड महासंगणकावर होत नाही. ती होते विद्यापीठीय विभागाच्या एखाद्या कोपऱ्यात, नेहरू प्लेस किंवा लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या डेस्कटॉपवर. हा नवाकोरा संगणक दोन दिवस नीट चालतो आणि तिसऱ्या दिवशी अकस्मात हँग होतो. पडदा स्थिर, माउस निश्चल, कसलाही संदेश नाही. अशा वेळी विभागातील ज्येष्ठ-कनिष्ठ सर्वांच्या मुखी एकच मंत्र असतो : रीस्टार्ट करून बघा.

हा मंत्र वैज्ञानिक वृत्तीचा पराभव आहे. आलेखातील एक बिंदू कारण न देता वगळला, तर ज्या विभागात विद्यार्थ्याला धारेवर धरले जाते, तोच विभाग बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू करून घडलेली घटना पुसून टाकतो. 'अधूनमधून', 'कधीही', 'आपोआप' हे शब्द बिघाडाचे वर्णन करत नाहीत. नोंदी न ठेवल्याचे ते कबुलीजबाब आहेत.

नोंदींपाठोपाठ दुसरे पाप घाईचे. संगणक सरासरी तीन दिवसांतून एकदा हँग होतो असे धरू. रॅम बदलली, एक दिवस तो नीट चालला आणि 'रॅमच खराब होती' असा निकाल जाहीर झाला. हँग होण्याच्या वेळा यादृच्छिक असतील, तर काहीही न बदलतासुद्धा तो दिवस निर्विघ्न जाण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के होती! ही शक्यता ५ टक्क्यांवर आणायची, तर नऊ दिवस वाट पाहावी लागते. प्वासाँचे वितरण परीक्षेत लिहिणारे विद्यार्थी ते स्वतःच्या टेबलावर विसरतात.

शोधाची रीत अवघड नाही. तिला संयम लागतो. एका वेळी एकच बदल करावा. रॅमच्या खोक्यावर छापलेला वेग बहुधा एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल चालू केल्यावरचा असतो. चारही खाचा भरल्या असतील, तर तो वेग प्रोसेसरला पेलेलच असे नाही. म्हणून प्रथम ते प्रोफाइल बंद करावे आणि रात्रभर मेमटेस्ट चालवावी. मग केवळ प्रोसेसरवर भार द्यावा, नंतर केवळ ग्राफिक्स कार्डवर, शेवटी दोन्हींवर. दोन्हींच्या एकत्रित भारातच यंत्र कोसळत असेल, तर संशयाची सुई पॉवर सप्लायकडे वळते. विंडोजच्या नोंदवहीतील 'कर्नल-पॉवर ४१' पाहून थेट पॉवर सप्लायच बदलणारे अनेक आहेत; यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच ती नोंद सांगते.

'हे तंत्रज्ञाचे काम, वैज्ञानिकाचे नव्हे', असा आक्षेप येईल. १९९४ साली अमेरिकेतील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करत होते. उत्तरे जुळेनात. त्यांनी कित्येक महिने एकेक संभाव्य कारण बाद केले आणि दोष पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात असल्याचे दाखवून दिले. इंटेलला त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार सोसावा लागला. नाइसलींनी यंत्र रीस्टार्ट करून समाधान मानले असते, तर? अलीकडे इंटेलच्याच तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर खेळ बंद पडत, तेव्हा 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येई आणि लोक ग्राफिक्स कार्डला दोष देत. मूळ दोष प्रोसेसरला मिळणाऱ्या अवाजवी व्होल्टेजमध्ये निघाला.

खरा धोका याहून खोल आहे. हँग होणारा संगणक निदान आपले आजारपण लपवत नाही. तीच सदोष रॅम हँग न होता एखादा बिट उलटवू शकते. मग चुकीचा आकडा मुकाट्याने आलेखात, तेथून प्रबंधात जातो. एकेरी बिटची चूक दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी यासाठीच असते. डीडीआर५ चिपच्या आतील दुरुस्ती तिची जागा घेऊ शकत नाही, कारण चिप ते प्रोसेसर या वाटेचे रक्षण ती करत नाही. परंतु आपल्या खरेदीच्या कागदांत कोर किती, गीगाबाइट किती आणि सर्वांत कमी दर कोणाचा, एवढेच विचारले जाते.

म्हणून मागणी साधी आहे. गंभीर गणनेच्या यंत्रांसाठी निविदेत ईसीसी मेमरीची अट असावी. नवा संगणक काही दिवस पूर्ण भाराखाली तपासल्याशिवाय त्याचे बिल मंजूर होऊ नये. विभागात एक जादा पॉवर सप्लाय आणि रॅमची एक जोडी राखीव असावी. प्रत्येक यंत्रापाशी बिघाडाची वही असावी. आणि जो विद्यार्थी पंधरा दिवस खपून दोष शोधतो, त्याचे ते दिवस 'वाया गेले' असे मार्गदर्शकाने म्हणू नये. त्या पंधरा दिवसांत त्याने निरीक्षण, गृहीतक आणि पडताळणी केलेली असते. त्यालाच संशोधन म्हणतात.