यीस्टची गोळी आणि परळचा धडा



गेल्या हिवाळ्यात आमची आई सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आली, तेव्हा तिच्या तळपायांना मुंग्या येत होत्या आणि जिना चढताना तिला दम लागत होता. रविवारच्या बुद्धवंदनेनंतर भोजनाच्या पंगतीत तिने ही गोष्ट सहज बोलून दाखविली. एका हितचिंतक काकांनी तत्काळ उपाय सांगितला, "ताई, ब्रुअर्स यीस्टच्या गोळ्या घ्या. सारी ब-जीवनसत्त्वे त्यात असतात." दुसऱ्याच दिवशी आम्ही मोठी बाटली आणली. आईने त्या गोळ्या नेमाने घेतल्या. दोन महिन्यांनी मुंग्या घोट्यांपर्यंत चढल्या. रक्ततपासणी केली, तेव्हा तिच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्व फारच कमी असल्याचे निष्पन्न झाले.

त्या रात्री आम्ही बाटलीवरील तक्ता प्रथमच नीट वाचला. त्यात ब-१२ नव्हतेच. दिवसभर संगणकाच्या आज्ञावलीतील चुका शोधणाऱ्या आम्हांस घरातल्या बाटलीवरच्या दहा ओळी वाचण्यास सवड झाली नव्हती. हा दोष सर्वस्वी आमचा. आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु या चुकीने जे शिकविले ते आपल्या कुटुंबांपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रथम हा पदार्थ कोणता ते पाहू. यीस्ट हा बुरशीवर्गातील एकपेशीय जीव. पाव फुगतो तो याच्यामुळे आणि बिअर आंबते तीही याच्यामुळे. बिअर तयार झाल्यावर तळाशी जो साका उरतो, तो धुऊन, वाळवून ब्रुअर्स यीस्ट तयार होते. येथे काही उपासकांच्या मनात पाचव्या शीलाविषयी शंका येते. वाळविलेल्या यीस्टमधील पेशी मृत असतात व त्याने नशा येत नाही. तेव्हा ते मद्यपान नव्हे, असे आम्हांस वाटते. ज्यांना तरीही नकोसे वाटेल, त्यांच्यासाठी उसाच्या वा बीटाच्या मळीवर वाढविलेले न्यूट्रिशनल यीस्ट मिळते. त्यात पुष्कळदा ब-१२ वरून मिसळलेले असते. यीस्ट स्वतः मात्र ब-१२ निर्माण करीत नाही. त्यात प्रथिने असतात. ब-१, ब-२, नायसिन, ब-६ आणि फोलेट ही जीवनसत्त्वे असतात.

या साक्याने एके काळी खरोखरच प्राण वाचविले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पेलाग्रा या रोगाने गरीब शेतमजूर आणि कापड गिरण्यांचे कामगार हजारोंनी मरत होते. त्यांचे अन्न म्हणजे मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. हंगेरीतून बालपणी न्यूयॉर्कला आलेले डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले की हा रोग संसर्गाचा नसून निकृष्ट अन्नाचा आहे आणि त्या अन्नाचे मूळ दारिद्र्यात आहे. स्वस्त उपाय म्हणून त्यांनी ब्रुअर्स यीस्ट सुचविले. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला, तेव्हा रेड क्रॉसने पूरग्रस्तांना तेच वाटले.

दुसरी घटना आपल्या मुंबईतील आहे. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईस आली. गिरणीकामगार वस्तीतील गरीब गर्भवती स्त्रिया एका तीव्र रक्तक्षयाने दगावत होत्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून तिने त्यांच्या रक्ताबरोबर त्यांच्या ताटाचाही अभ्यास केला. मार्माइट या नावाने इंग्लंडात विकला जाणारा यीस्टचा अर्क दिल्यावर त्या स्त्रिया झपाट्याने सुधारू लागल्या. १९३१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या अर्कातील अज्ञात घटकाला पुढे 'विल्स घटक' म्हटले जाऊ लागले. तेच आजचे फोलेट. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळे केले गेले. १९४५ साली न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे, आंध्रातून आलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने ते प्रयोगशाळेत सिद्ध केले. आज अमेरिकेतील प्रत्येक गर्भवतीला जी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिली जाते, तिची एक मुळी अशी परळच्या गिरणगावात आहे.

ल्यूसी विल्स यांच्या कार्यातील एक गोष्ट आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. मुंबईच्या स्त्रियांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली 'पर्निशस अ‍ॅनिमिया' या दुसऱ्या रोगासारखेच दिसे. दोहोंतही तांबड्या पेशी फुगलेल्या असत. परंतु त्या दुसऱ्या रोगावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क मुंबईच्या रुग्णांना लागू पडला नाही, यीस्ट लागू पडले. याचा अर्थ, दिसणे एक असले तरी उणीव वेगळी होती. एकीत फोलेट कमी होते, दुसरीत ब-१२. आम्ही आईच्या बाबतीत नेमकी हीच गल्लत उलट्या दिशेने केली. तिला ब-१२ हवे होते आणि आम्ही फोलेट देत बसलो. ही गल्लत निरुपद्रवी नव्हे. फोलेट मोठ्या मात्रेत दिल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण ब-१२ अभावी नसांची हानी आतल्या आत चालूच राहते आणि उशीर झाल्यास ती भरून येत नाही.

त्याच १९२८ सालच्या जुलै महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळात प्रसूतीलाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली तो कायदा झाला. बाबासाहेब तेव्हा परळच्याच चाळीत राहत होते. त्या काळी गिरण्यांच्या विणकाम खात्यात, जेथे मजुरी अधिक होती, अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कमी मजुरीचे खाते म्हणजे कमी भरलेले ताट. एकाच परळमध्ये एकीकडे ताटातली उणीव शोधली जात होती आणि दुसरीकडे ती उणीव निर्माण करणाऱ्या व्यवस्थेला प्रश्न विचारला जात होता. गोळीने त्या मातेचे रक्त भरले असते, परंतु तिची पाळी आणि तिची मजुरी गोळीने बदलली नसती. दोन्ही कामे हवी होती.

आज आपल्या घरांत अन्नाची वाण नाही, तरीही उणिवा आहेत. त्यांची कारणे मात्र निराळी आहेत. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे ब-१२ घटू शकते. आमच्या आईचे बहुधा तसेच झाले. बुद्धविहाराशी जोडले गेल्यावर अनेकांनी मांसाहार सोडला. वनस्पतिजन्य आहारात ब-१२ जवळजवळ नसतेच, हे त्यांनी ध्यानी घ्यावे. १९९८ पासून अमेरिकेत 'एनरिच्ड' म्हणून विकल्या जाणाऱ्या मैदा, पाव इत्यादींत फॉलिक अ‍ॅसिड घालणे सक्तीचे आहे. ती सक्ती संपूर्ण गव्हाच्या पिठाला नाही. म्हणून देशी दुकानातील आट्याच्या पोळ्या खाणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना त्याचा लाभ मिळतोच असे नाही. गर्भधारणेची शक्यता असलेल्या प्रत्येक स्त्रीने रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावे, असा येथील आरोग्य खात्याचा सल्ला आहे. त्यासाठी यीस्टवर विसंबू नये, नेमक्या मात्रेची गोळी घ्यावी.

ब्रुअर्स यीस्टमधील क्रोमियममुळे रक्तातील साखर आटोक्यात राहते, असे पुष्कळदा सांगितले जाते. त्याचे पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यावर विसंबून मधुमेहाचे औषध कोणी कमी करू नये. संधिवाताचा 'गाउट' हा प्रकार असणाऱ्यांनी, आतड्यांचा क्रोन्स रोग असणाऱ्यांनी आणि नैराश्यावरील 'एमएओ इन्हिबिटर' गटातील औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यीस्ट घेऊ नये. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. १९९४ च्या कायद्यानुसार येथे पूरक आहाराच्या गोळ्या बाजारात आणण्यापूर्वी त्यांची परिणामकारकता सरकारपुढे सिद्ध करावी लागत नाही. दुकानाच्या फळीवर बाटली आहे, एवढ्यावरून तिचा गुण सिद्ध होत नाही.

मग यीस्ट वाईट आहे काय? मुळीच नाही. आहारात प्रथिने व ब-जीवनसत्त्वांची भर म्हणून ज्याला ते मानवते त्याने अवश्य घ्यावे. पण ते औषध म्हणून घेताना आधी दोन प्रश्न विचारावेत: माझ्यात नेमके काय कमी आहे, आणि ते कशामुळे कमी झाले? दुःख आहे, त्याला कारण आहे, हे तथागतांनी सांगितले. कारण न शोधता केलेला उपाय आपल्या परंपरेत बसत नाही. काका प्रेमाने बोलले होते; पण सांगणारा आदरणीय आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट मान्य करू नये, हेही आपल्याला शिकविले गेले आहेच.

आईला आता दरमहा ब-१२ चे इंजेक्शन दिले जाते. दम लागणे थांबले आहे. मुंग्या पूर्ण गेलेल्या नाहीत. भारतात परतण्यापूर्वी तिने राहिलेल्या यीस्टच्या गोळ्यांचे काय करायचे, असे विचारले. आम्ही बाटली तिच्या हाती दिली आणि तक्ता मोठ्याने वाचायला सांगितला. तिने चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि म्हणाली, "हे आधी वाचलं असतं तर?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. वाचकांच्या घरी असलेली बाटली आज रात्रीच वाचली जावी, एवढीच विनंती. घरात कोणी मेटफॉर्मिन घेत असेल, तर पुढच्या तपासणीत ब-१२ मोजण्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

जय भीम. नमो बुद्धाय.