दही खावं दही म्हणून

दह्याच्या डब्यावर 'प्रोबायोटिक' हा शब्द छापला की डब्याची किंमत वाढते आणि खाणाऱ्याची अपेक्षाही. पचन सुधारेल, प्रतिकारशक्ती वाढेल, मूल आजारी पडणार नाही, एवढं सगळं त्या एका शब्दात ऐकू येतं. दुसरीकडे घरी विरजण लावणारे म्हणतात, आमचं दही तर पिढ्यानपिढ्या प्रोबायोटिकच आहे, त्याला वेगळं नाव कशाला? हे दोन पक्ष एकमेकांशी भांडतात, पण दोघांची चूक एकच आहे. दह्यात जिवंत जिवाणू आहेत म्हणजे ते औषधी असणारच, असं दोघंही धरून चालतात. माझं म्हणणं असं, की दही हे उत्तम अन्न आहे आणि त्याचा निदान एक गुण प्रयोगांनी पक्का झालेला आहे. पण 'प्रोबायोटिक' हे दह्याचं विशेषण नव्हे. तो एका ठरावीक जिवाणूबद्दलचा, ठरावीक मात्रेबद्दलचा आणि ठरावीक फायद्याबद्दलचा दावा आहे. दावा जो करतो त्यानेच तो सिद्ध करायचा असतो.

या समजुतीचं मूळ पॅरिसमध्ये सापडतं. पाश्चर इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळालं ते रोगप्रतिकारावरच्या कामासाठी; पण सामान्य लोकांत त्यांचं नाव झालं ते दह्यामुळे. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात, ते आंबवलेलं दूध भरपूर खातात, म्हणजे त्यातले जिवाणू आतड्यातल्या कुजण्याला आळा घालत असले पाहिजेत, असा त्यांचा तर्क होता. त्या दह्यातला जिवाणू स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ मध्ये ओळखला होता. 'बल्गेरिकस' हे नाव त्यावरूनच आलं. पुढे १९२० च्या सुमारास येल विद्यापीठातल्या लिओ रेट्गर यांनी दाखवून दिलं, की हा बल्गेरिकस माणसाच्या आतड्यात बिऱ्हाड करूच शकत नाही; आला तसा निघून जातो. मग आतड्यात तग धरतील अशा वाणांचा शोध सुरू झाला. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये असा एक वाण निवडून वाढवला आणि १९३५ पासून तो 'याकुल्ट' या पेयातून विकला जाऊ लागला. म्हणजे वाण निवडावा लागतो, कुठलाही जिवाणू चालत नाही, हे या व्यवसायाच्या जन्मापासूनच ठाऊक होतं.

'वाण' हा शब्द मी मुद्दाम शेतीतून घेतला आहे. इंद्रायणी आणि आंबेमोहोर दोन्ही तांदूळच, पण एकाचा वास दुसऱ्याला येत नाही. जिवाणूंत तर हा फरक कधीकधी जीवन-मरणाचा असतो. ई. कोलाय या एकाच प्रजातीचा 'निसल १९१७' हा वाण औषध म्हणून दिला जातो आणि 'ओ१५७' हा प्रकार रक्ती जुलाब करून मूत्रपिंडं निकामी करू शकतो. म्हणून संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये व्याख्या केली तेव्हा नेमकेपणाचा आग्रह धरला: जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा मात्रेत घेतल्यावर, घेणाऱ्याच्या आरोग्याला फायदा करणारे. या कसोटीला घरचं दही लावून पाहा. कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की त्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचं, म्हणजे लॅक्टोजचं, आम्ल करत जातात. आम्लता पुरेशी वाढली की दुधातलं केसीन एकमेकांत गुंफतं आणि दही लागतं. पण त्यात कोणते वाण किती आहेत हे उन्हाळ्यात वेगळं, थंडीत वेगळं, शेजारून विरजण आणलं तर आणखी वेगळं. ते दही चविष्ट असतं, पौष्टिक असतं. पण ज्यातले जिवाणूच ठाऊक नाहीत त्याला प्रोबायोटिक म्हणता येणार नाही.

आता बाजारातल्या दाव्यांकडे वळू. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रोबायोटिकबद्दलचे शेकडो दावे तपासले आणि जवळजवळ सगळे पुराव्याअभावी नाकारले. अमेरिकेत डॅनॉन कंपनीला 'ॲक्टिव्हिया' दही आणि आणखी एका पेयाच्या जाहिरातींतले अतिरंजित दावे २०१० मध्ये सोडावे लागले. ३९ राज्यांशी तडजोड करताना २ कोटी १० लाख डॉलर मोजावे लागले. इथे कुणी म्हणेल, जाहिराती खोट्या असतील, पण संशोधन तर खरं आहे ना? आहे, आणि मी ते नाकारत नाही. कोलकात्यात एक ते पाच वर्षांच्या ३,७५८ मुलांवर झालेल्या चाचणीत रोज शिरोता वाणाचं पेय घेणाऱ्या गटातल्या ६०८ मुलांना जुलाब झाले, साधं पेय घेणाऱ्या जवळपास तेवढ्याच गटातल्या ६७४ मुलांना. फायदा सुमारे १४ टक्क्यांचा. खरा, पण माफक. ओडिशात साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांवरच्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला: प्लांटारम जिवाणूचा एक निवडलेला वाण आठवडाभर दिल्यावर जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. हे मोठं यश आहे. पण २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत, जुलाब सुरू झालेल्या मुलांना प्रोबायोटिक देऊन काहीच उपयोग झाला नाही. या सगळ्यांची सरासरी काढून 'प्रोबायोटिक गुणकारी' म्हणणं म्हणजे एका औषधाचा गुण दुसऱ्याच्या बाटलीवर लिहिणं. ओडिशाच्या बाळांचा पुरावा आइस्क्रीमच्या कपाला लागू होत नाही.

शेवटी एक युक्तिवाद उरतो आणि तो सर्वांत जास्त ऐकू येतो: फायदा नसेना का, अपाय तर नाही? निरोगी माणसाला बहुधा नाही. पण संख्येचा दबदबा आधी बाजूला ठेवू. याकुल्टच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत ६५० कोटी जिवाणू असतात हे ऐकून छाती दडपते. माणसाच्या शरीरात मात्र सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आधीच राहत असतात. त्यांच्यापुढे ही भर सहा हजारांत एक एवढीच. शिवाय आजाऱ्याचं गणित वेगळं असतं. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिलेल्या गटात २४ जण दगावले आणि न दिलेल्या गटात ९. हा निष्कर्ष २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आणि जिवाणू निरुपद्रवी असले तरी गोड प्रोबायोटिक पेयांतली आणि दह्यांतली साखर हा रोजचा, निश्चित अपाय आहे आणि तो मुलांच्या वाट्याला जास्त येतो.

मग दह्याचं काय उरतं? माझ्या मते जे उरतं ते भरपूर आहे. आपल्या देशात बहुसंख्य मोठ्या माणसांच्या लहान आतड्यात लॅक्टोज पचवणारं लॅक्टेज कमी झालेलं असतं. दूध प्यायलं की पोट फुगतं, गुरगुरतं. दही लागतानाच त्यातलं काही लॅक्टोज संपतं. उरलेलं पचवायला यॉगर्टचे, म्हणजे दोन ठरावीक जिवाणूंच्या जोडीने लावलेल्या दह्याचे, जिवाणू मदत करतात: जठरातल्या आम्लातून त्यांच्या पेशीत दडून आलेलं लॅक्टेज पुढे लहान आतड्यात मोकळं होतं आणि कामाला लागतं. हे १९८४ पासून प्रयोगांनी दिसत आलं आहे, आणि ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जिवाणू असतील तर हा दावा युरोपच्या त्याच कडक संस्थेनेही मान्य केला आहे. तो दावा ज्या जोडीचा आहे त्यात बल्गेरिकस आहे. आतड्यात बिऱ्हाड करता येत नाही म्हणून बाजूला सारलेला तोच जिवाणू. त्याला तिथे राहायची गरजच नव्हती, जेवणासोबत येऊन काम करून जाणं पुरेसं होतं. यात प्रथिनं आणि कॅल्शियम धरा, दुधाने त्रास होणाऱ्यांना ते सुखाने मिळतं हे धरा, म्हणजे दही-भाताचं आणि ताकाचं मोल कळेल. कढी उकळली की जिवाणू मरतात, तरी प्रथिनं आणि कॅल्शियम तिच्यात राहतातच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे, की प्रोबायोटिक पदार्थाच्या वेष्टनावर जिवाणूची प्रजाती, त्याचा वाण आणि मुदत संपतानाची जिवंत संख्या लिहावी. तेव्हा पुढचा डबा हातात घ्याल तेव्हा तो उलटा करा आणि या तीन गोष्टी शोधा. वाणाचं नाव नसेल, संख्या नसेल, तर ते दहीच आहे. खुशाल घ्या, पण दह्याच्याच भावाने.