पोलिसांचं पिस्तूल हिसकावणं किती सोपं? उत्तर होल्स्टरमध्ये आहे

'आरोपीने पोलिसाचं पिस्तूल हिसकावलं आणि गोळी झाडली.' चकमकीच्या बातम्यांमध्ये हे वाक्य अनेकदा वाचायला मिळतं. बदलापूर प्रकरणातला आरोपी अक्षय शिंदे 23 सप्टेंबर 2024 रोजी पोलीस व्हॅनमध्ये मारला गेला, तेव्हाही पोलिसांनी हेच सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर शंका व्यक्त केली. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात व्हॅनमधल्या पाच पोलिसांना मृत्यूसाठी जबाबदार धरलं गेलं.

त्या व्हॅनमध्ये काय घडलं, हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण पोलिसाच्या कमरेचं पिस्तूल दुसऱ्याच्या हाती सहज लागू शकतं का? हे बऱ्याच अंशी होल्स्टरवर ठरतं.

होल्स्टर नेमकं काय करतं?

तीन कामं: पिस्तूल घट्ट धरणं, ट्रिगर झाकणं आणि गरज पडताच पिस्तूल हातात देणं. पहिल्या आणि तिसऱ्या कामाचं आपसात जमत नाही. पकड जितकी पक्की, तितकं पिस्तूल काढणं अवघड. म्हणून होल्स्टर कामानुसार निवडावं लागतं.

गणवेशातली ड्युटी

इथे पिस्तूल सगळ्यांना दिसतं, त्यामुळे पकड सर्वांत महत्त्वाची. एफबीआयचे माजी एजंट बिल रॉजर्स यांनी 1970 च्या दशकात यासाठी एक चाचणी आणली. एकाने मूठ धरून पाच सेकंद जोर लावून ओढायचं. तरी पिस्तूल निघता कामा नये. यातूनच होल्स्टरच्या 'लेव्हल' आल्या. वरच्या लेव्हलच्या होल्स्टरमध्ये अंगठ्याने उघडायची एकाहून अधिक कुलपं असतात. सराव असलेल्याला ती क्षणात उघडता येतात, अनोळखी हाताला नाही.

साधा वेश

इथे पिस्तूल लपवायचं असतं. त्यामुळे होल्स्टर पातळ, पँटच्या आत बसणारं आणि बहुधा कुलपाशिवाय असतं. मात्र याच वेशात आरोपीशेजारी बसायचं असेल, तर गणित उलटतं. लपवण्याची गरज संपते, हिसकावण्याचा धोका वाढतो.

गाडीत

बसल्यावर कमरेचं पिस्तूल काढणं कठीण जातं, म्हणून काहीजण ते विरुद्ध बाजूला किंवा छातीवर लावतात. तोटा असा की मूठ समोरच्या माणसाकडे येते.

नेमबाजी

राही सरनोबत ज्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात खेळते, तिथे होल्स्टर लागतच नाही. पिस्तूल पेटीतून येतं आणि टेबलावर ठेवलं जातं.

बदल करताना

होल्स्टर त्या मॉडेलच्या मापाचंच हवं. पिस्तुलाला टॉर्च लावला, तर होल्स्टरही बदलावं लागतं. नाहीतर ट्रिगरजवळ फट राहते. ग्लॉकसारख्या पिस्तुलाला बाहेरून लावायचा सेफ्टी खटका नसतो, त्यामुळे झाकलेला ट्रिगर हीच मोठी सुरक्षा. जुनं, मऊ पडलेलं चामडं दुमडून आत गेलं किंवा जॅकेटची दोरी अडकली, तरी पिस्तूल ठेवताना गोळी सुटू शकते. कुलूप अडचणीचं वाटतं म्हणून पट्टा कापणं तर सर्वांत वाईट. अशा वेळी सराव वाढवायचा असतो.

म्हणून पुढच्या वेळी 'पिस्तूल हिसकावलं' असं ऐकाल, तेव्हा आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत: होल्स्टर कोणतं होतं, आणि ते बंद होतं का?