आधी गंज काढा, बल्ब मग!

कुर्ल्यात बनलेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतून बाद झाली. आता आहेत त्या हौशी मंडळींनी जपलेल्या. पण हेडलाइट मिणमिणायला लागला, की या मंडळींचा उपाय ठरलेला: १००/९० वॅटचे बल्ब! अहो, कशाला?

साधं गणित बघा. बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं, तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. आणि ते व्होल्टेज खातं कोण? आपल्या दमट हवेत गंजलेला अर्थिंगचा स्क्रू, सैल कनेक्टर, झिजलेला स्विच. दिवे लावून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर मोजा, मग बल्बच्या टोकांवर. मोठा फरक दिसला, की चोर वाटेतच आहे.

तो न शोधता मोठे बल्ब लावले, तर जुन्या वायरींतून १५ अँपिअरच्या वर करंट जाणार. रिले नसेल तर स्विच वितळेल, वायरिंग पेटेल. आणि मुलुंड-घाटकोपरच्या पावसात समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याचे डोळे दिपतील ते वेगळंच. त्याचा काय गुन्हा?

पॉलिश पेपरच्या तुकड्याने होणारं काम सोडून गाडी जाळण्याला हौस म्हणत नाहीत. बघा पटतंय का!